घराचे छप्पर आणि विजेचे बिल

नाशिकची हवा ही एके काळी या गावाची मिळकत होती. मुंबईच्या दमट उकाड्याला कंटाळलेली, आजारातून उठलेली माणसे महिना-दोन महिने राहण्यासाठी देवळालीला येत आणि तेथील सॅनिटोरियमे याच हवेच्या भरवशावर उभी राहिली. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची, उन्हाळ्यातही कोरडी हवा आणि सूर्य मावळल्यावर उतरणारा पारा हे या भागाचे भाग्य. त्याच नाशिकमध्ये आज कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत कोणत्याही नव्या इमारतीच्या मागील बाजूस उभे राहून वर पाहावे, तर मजल्या-मजल्यावर वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या टांगलेल्या दिसतात. ज्या गावात लोक हवा खाण्यासाठी येत, त्या गावाला आता हवा विकत घ्यावी लागत आहे.

हवामान बदलले, झाडे तुटली, वस्ती दाटली, ही कारणे सर्वांना पाठ आहेत आणि ती खोटी नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा आता चाळिशीला सहज भिडतो. तथापि एक कारण आपण सहसा बोलून दाखवत नाही, कारण त्याची जबाबदारी आकाशावर ढकलता येत नाही. ते म्हणजे आपण बांधत असलेली घरे. या घरांना उन्हाळ्यात थंड राहणे आणि हिवाळ्यात उबदार राहणे ठाऊक नाही. जे काम भिंतीने व छपराने करावयाचे, ते आपण विजेवर सोपवले आहे आणि त्याचे बिल दरमहा भरत आहोत.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी वातानुकूलन यंत्रांचे तापमान २० ते २८ अंशांच्या दरम्यानच ठेवता येईल अशी मर्यादा घालण्याचे सूतोवाच केले. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. घरातले तापमान ठरवणारे सरकार कोण, असा सवालही काहींनी केला. वस्तुतः यंत्र काटकसरीने वापरावे यात गैर काही नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते आणि १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू व्हावीत असा नियमही झाला. पण सरकारची दृष्टी रिमोटपाशी येऊन थांबली, ती डोक्यावरच्या छपरापर्यंत गेली नाही, हे या चर्चेतील खरे न्यून होय. तापलेल्या स्लॅबखाली बसलेल्या माणसाला अंश मोजून यंत्र चालवण्याचा उपदेश करणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी जपून भरण्याचा सल्ला देण्यासारखे आहे.

प्रथम हिवाळ्याचा विचार करू. नाशिककरांच्या घरात युरोपसारखी खोल्या तापवण्याची सोय नसते आणि तिची गरजही नाही. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि द्राक्षबागाईतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात, तेव्हाही शहरातील माणूस स्वेटर, शाल आणि गोधडी यांवर भागवून नेतो. आपल्याकडे उष्णतेवर जी वीज खर्च होते ती मुख्यतः न्हाणीघरात.

हा खर्च किती, याचा हिशेब शाळेतील विज्ञानाच्या तासाला करता येईल इतका सोपा आहे. जानेवारीत नळाचे पाणी सुमारे २० अंशांचे असते आणि स्नानासाठी ते ४० अंशांपर्यंत तापवावे लागते. वीस लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला चारशे किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून मिळते सुमारे ८६० किलोकॅलरी. म्हणजे बादलीमागे जवळजवळ अर्धे युनिट, चौघांच्या घरात दिवसाला सुमारे दोन युनिटे आणि महिन्याला साठाच्या आसपास. यात गिझरच्या टाकीतून दिवसभर निसटणारी उष्णता धरलेली नाही.

आता या विजेचा माग घेऊ. नाशिकरोडजवळ एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र १९७० च्या सुमारास सुरू झाले. तेथील २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. अशा केंद्रांत कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, वाफेवर चक्र फिरते आणि चक्रावर वीज तयार होते. या खटाटोपात कोळशातील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने हाती येतो. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे आपल्या स्नानाच्या एका बादलीमागे सुमारे तीनशे ग्रॅम आणि चौघांच्या घरामागे दिवसाला सव्वा किलोहून अधिक कोळसा लागतो. बादलीभर पाणी तापवण्यासाठी आपण दूरवर दुसरे पाणी उकळतो, त्याची वीज करतो, ती तारांवरून घरी आणतो आणि तिची पुन्हा उष्णता करतो. आपल्या न्हाणीघरात पोचणारी वीज नेमकी एकलहऱ्याचीच असते असे नव्हे. राज्याच्या जाळ्यात सगळी वीज एकत्र होते. पण सूर्योदयापूर्वी गिझर सुरू होतात तेव्हा सौर वीज उपलब्ध नसते आणि भार प्रामुख्याने कोळशावर पडतो, हे विसरता येत नाही.

जुन्या घरातील तांब्याचा बंब या दृष्टीने विचारपूर्वक घडवलेली वस्तू होती. मधोमध जाळाची नळी आणि तिच्याभोवती पाणी, त्यामुळे जाळाची आच वाया जाण्यास वाव कमी. नाशिकच्या तांबटांनी असे बंब पिढ्यान् पिढ्या घडवले. त्याचा धूर मात्र घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत जाई, म्हणून तो गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःख याचे आहे की त्याच्या जागी अधिक शहाणी सोय येण्याऐवजी अधिक उधळी सोय आली. नाशिकला हिवाळ्यात, म्हणजे ऊन पाण्याची गरज सर्वांत अधिक असते त्याच महिन्यांत, आकाश स्वच्छ आणि ऊन भरपूर असते. शंभर लिटरचे सौर बंब गच्चीवर असले तर तीस अंशांनी तापलेले पाणी, म्हणजे साडेतीन युनिटांचे काम, रोज फुकट मिळते. पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर ही व्यवस्था येथे सहसा दगा देत नाही.

असे असता सौर बंब घरोघर का नाहीत? काही इमारतींच्या गच्चीवर ते दिसतात, पण कित्येक ठिकाणी ते केवळ भोगवटा दाखल्यापुरते बसवलेले असतात. दाखला हाती आल्यावर त्यांची देखभाल कोणाची, हे ठरलेले नसते. बोअरच्या पाण्यातील क्षार नळ्यांत साचतात, फुटलेली नळी कोणी बदलत नाही आणि पाचव्या मजल्यावरचे गरम पाणी पहिल्या मजल्यावर येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जाते. गच्ची कोणाची, या वादात सौर बंब गंजतो आणि घरोघर गिझर लागतात. दोष उन्हाचा नाही, यंत्राचाही फारसा नाही. दोष नळयोजनेचा आणि सामाईक जबाबदारी टाळण्याच्या आपल्या सवयीचा आहे. ज्यांना सौर बंब शक्य नाही त्यांच्यासाठी गॅसवरचा गिझर हा इंधनाच्या दृष्टीने विजेपेक्षा काटकसरीचा पर्याय आहे, कारण तेथे इंधन जागच्या जागी जळून त्याची बहुतेक उष्णता पाण्याला मिळते. मात्र बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा, ही गोष्ट काटकसरीच्या आधीची आहे.

उन्हाळ्याचा प्रश्न याहून मोठा आहे. नाशिक २० उत्तर अक्षांशावर वसले आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य येथे अगदी माथ्यावर येतो आणि काठीची सावली पायाशी नाहीशी होते. अशा वेळी उन्हाचा खरा मारा भिंतीवर नव्हे, छपरावर होतो. भर दुपारी चौरस मीटरमागे सुमारे एक किलोवॉट या प्रमाणात ऊन पडते. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर त्या वेळी, सोप्या भाषेत सांगायचे तर, एक किलोवॉटच्या पंचेचाळीस शेगड्या पेटलेल्या असतात. यातील पुष्कळ उष्णता वाऱ्याबरोबर परत जाते, पण उरलेली काँक्रीट दिवसभर पीत राहते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र घरातून फार तर पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर काढू शकते. सामना असा विषम आहे.

रात्रीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. भर उन्हाळ्यातही नाशिकची रात्र बहुधा २२ ते २४ अंशांपर्यंत उतरते. रात्री दहाला गच्चीवर गार झुळूक असते, मात्र खालच्या खोलीत छत हाताला ऊन लागते. दिवसभर प्यालेली उष्णता स्लॅब रात्री खाली सोडत असतो. पंखा लावला तर तीच तापलेली हवा अंगावर येते. म्हणजे आपले वातानुकूलन यंत्र नाशिकच्या हवेशी लढत नसते, ते आपल्याच स्लॅबशी लढत असते. शिवाय खोलीतली उष्णता ते बाहेरच्या अरुंद बोळात सोडते आणि तिची झळ शेजाऱ्याच्या खिडकीतून आत जाते.

यावर उपाय नवा नाही आणि महागही नाही. नुसते काँक्रीट आपल्यावर पडणारे निम्म्याहून अधिक ऊन शोषून घेते, तर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा स्वच्छ पांढरा थर निम्म्याहून अधिक ऊन आल्या वाटेने परत पाठवतो. खालच्या खोलीत त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो. उन्हाळ्यात दोन-तीन अंश म्हणजे झोप लागणे आणि न लागणे यांतील अंतर होय. चुना पावसाने धुपतो, म्हणून तो दर वर्षी मार्चमध्ये द्यावा लागतो. ज्यांना हे नको त्यांनी गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशांचे चायना मोझॅक करून घ्यावे. स्लॅबवर विटांचा कोबा असेल तर त्याचाही आडोसा होतो. गच्चीवर सौर वीजपट्ट बसवले तर त्यांची सावली हा वरचा नफा. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झाले. ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांनी त्याचा विचार अवश्य करावा.

छपरानंतर प्रश्न येतो दिशेचा. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, तर उन्हाळ्यात तो माथ्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की हिवाळ्यातले हवेसे ऊन आत येते आणि उन्हाळ्यातले नकोसे ऊन बाहेर राहते. पश्चिमेचे तसे नाही. दुपारनंतरचे तिरपे ऊन कोणत्याही छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली असावी, नाहीतर जाळी किंवा झाड असावे. एवढे ज्ञान गवंड्यालाही होते. आज पश्चिमेला संपूर्ण काचेची बाल्कनी देऊन ती दर्शनी सोय म्हणून विकली जाते आणि घर घेणारा पहिल्याच मे महिन्यात तिला जाड पडदा लावतो.

येथे जुन्या वाड्यांची आठवण निघणे स्वाभाविक आहे. पंचवटीतील आणि गोदाकाठच्या जुन्या पेठांतील वाड्यांच्या जाड भिंती, मधला चौक, माळवद आणि कौले यांनी उन्हाळा सुसह्य होत असे. पण वाडा म्हणजे स्वर्ग होता असे मानण्याची गरज नाही. त्यात अंधार होता, ओल होती, अनेक बिऱ्हाडांत मिळून एक शौचकूप होता आणि नव्या सुनेला एकांत नव्हता. त्यातून बाहेर पडून सिडकोच्या लहानशा पण स्वतःच्या घरात आलेल्या कुटुंबाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. वाड्याची जाड भिंत आजच्या भावात परवडणारी नाही. त्यामागचा विचार मात्र परवडणारा आहे. दिवसा ऊन आत येऊ द्यायचे नाही आणि रात्री वारा अडवायचा नाही, हा तो विचार. समोरासमोर दोन खिडक्या, वरच्या बाजूला झडपा आणि डासांची जाळी एवढ्यानेही नाशिकची गार रात्र घरात घेता येते.

मग हे होत का नाही? याचे उत्तर हवामानशास्त्रात नव्हे, अर्थशास्त्रात आहे. घर बांधणारा एक आणि त्यात राहणारा दुसरा. छताच्या आवरणावर पैसा वाचवणारा एकदाच वाचवतो, आणि त्या छताखाली राहणारा पुढची पन्नास वर्षे वीज मंडळाच्या वारसदार कंपन्यांना बिल भरत राहतो. सदनिका घेताना आपण नळाची तोटी, फरशी आणि रंग पाहतो, पण सर्वांत वरच्या मजल्याच्या स्लॅबवर काय घातले आहे असे विचारत नाही. भाड्याने राहणाऱ्याची स्थिती तर याहून बिकट. गच्ची मालकाची, बिल भाडेकरूचे. मालकाला चुना देण्याचे कारण नाही आणि भाडेकरूला तो अधिकार नाही. स्पर्धा परीक्षांसाठी नाशिकला येऊन गच्चीवरच्या खोलीत अभ्यास करणारा विद्यार्थी एप्रिलच्या दुपारी वाचनालयात जागा शोधत फिरतो, तो वाचनाच्या ओढीनेच नव्हे. आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तर यंत्र घेण्याची ऐपत नाही आणि उन्हातून सुटकाही नाही.

विजेच्या दरांची रचना या अन्यायावर मीठ चोळते. घरगुती ग्राहकांसाठी १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यातील दराच्या दुपटीहून अधिक दर ३०० युनिटांच्या पुढे द्यावा लागतो. जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावे हे तत्त्व योग्यच. पण वापर केवळ चैनीने वाढतो असे त्यात गृहीत धरले आहे. वरच्या मजल्यावर वृद्ध आई-वडिलांसाठी यंत्र लावणारा कारकून आणि रिकाम्या दिवाणखान्यात यंत्र चालू ठेवणारा श्रीमंत हे या रचनेत सारखेच दिसतात. म्हातारी माणसे, आजारी माणसे, तान्ही मुले यांच्यासाठी गारवा ही चैन नव्हे. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे.

म्हणून हा प्रश्न घरोघरच्या शहाणपणावर सोपवून चालणार नाही. देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. छत सोडून इतर बाह्यांगातून, म्हणजे भिंती-खिडक्यांतून, आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॉटची मर्यादा तीत घातली आहे आणि छतासाठी वेगळी मर्यादा आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते, म्हणजे आपली बहुतेक घरे या कसोटीवर नापास ठरतील. २०२२ च्या दुरुस्तीने मोठा वीजभार असलेल्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी झाली. पण संहिता कागदावर असणे आणि नकाशा मंजूर करणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर असणे यांत अंतर असते. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांचे धोरण जाहीर करून ठरावीक आकारापुढच्या इमारतींना परावर्तक छप्पर बंधनकारक केले. अहमदाबादने २०१३ पासून उष्मा कृती आराखडा राबवला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. हैदराबाद आणि अहमदाबाद नाशिकहून अधिक तापतात हे खरे. पण ज्या गावाची रात्र अद्याप गार आहे, त्या गावात थोड्या खर्चात अधिक लाभ होतो, हेही तितकेच खरे.

नाशिक महापालिकेला यात चार गोष्टी करता येतील. नवा नकाशा मंजूर करताना वरच्या स्लॅबवर परावर्तक थर आणि आवरण यांची अट घालावी, आणि भोगवटा दाखल्यापूर्वी ते तपासावे. सौर बंब बसवला एवढ्यावर समाधान न मानता पाण्याची नळयोजना आणि पाच वर्षांची देखभाल यांचा करार मागावा. पालिकेच्या स्वतःच्या शाळांची छपरे येत्या मार्चपूर्वी पांढरी करावीत, कारण तेथे बसणाऱ्या मुलांच्या डोक्यावर यंत्र नाही, फक्त पंखा आहे. आणि पत्र्याच्या घरांना पांढरा रंग देण्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरावा. यांपैकी एकाही गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. रंगारी आणि गवंडी या दोघांच्या बळावर ती होऊ शकतात.

घरोघरच्या माणसालाही काही करता येण्यासारखे आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॉट खातो, तर दुकानात ज्याला बीएलडीसी म्हणतात तो पंखा तीस वॉटच्या आसपास. तीन पंखे रोज बारा तास चालत असतील तर महिन्याला सुमारे पन्नास युनिटे वाचतात. नवे यंत्र घेताना किंमतीपूर्वी त्यावरचे तारे पाहावेत आणि ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. गिझर स्नानाच्या वेळीच सुरू करावा आणि पाणी उकळते तापवून पुन्हा त्यात गार पाणी घालण्याची सवय सोडावी. सोसायटीच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या वादानंतर वेळ उरला तर गच्चीचा विषय काढावा. वरच्या मजल्यावरच्या सभासदाच्या छताचा खर्च सर्वांनी वाटून घेणे ही दया नव्हे. त्याच्या डोक्यावरचे छप्पर तेच सगळ्या इमारतीचे छप्पर आहे.

काटकसर म्हणजे मन मारणे, असा आपला समज आहे. गरिबीच्या दिवसांत तो खरा होता. येथे मात्र काटकसर आणि सुख एकाच दिशेला आहेत. ज्या घरात वीज कमी लागते, ते घरच मुळात राहायला अधिक बरे असते. नाशिकची हवा पूर्वी होती तशी पुन्हा होईल, हे कोणी सांगू शकत नाही. पण जी आहे ती तरी घरात यावी आणि तापलेल्या स्लॅबने ती दारातच अडवू नये, एवढी मागणी या शहरातील कर भरणाऱ्या नागरिकाने करणे मुळीच अवास्तव नाही. ती मागणी पुढच्या उन्हाळ्याच्या आत केली पाहिजे, कारण चुना पावसापूर्वी आणि उन्हाआधीच द्यावा लागतो.